इकारस पडला पाहिजे, अडकता कामा नये

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर लगेच लक्षात येईल. बापाने पिसं आणि मेणाचे पंख करून दिलेला, आणि सूर्याच्या फार जवळ जाऊन समुद्रात पडलेला ग्रीक कथेतला मुलगा म्हणजे इकारस. त्याची कथा तुम्ही लाकडी शिल्पात उतरवली आहे. हँडल फिरवलं की पंख हलतात, वर सूर्य फिरतो, पिसं गळतात, खाली लाटा उसळतात, बाप डेडॅलस मान वळवतो. अशा एकंदर आठ हालचाली. कोरीवकाम बघणाऱ्यांना आवडतं, पण ‘हा पक्षी आहे का?’ असंही ते विचारतात. शिवाय थोडा वेळ फिरवलं की यंत्र कुठेतरी अडकतं. म्हणून तुम्ही विचारताय, की प्लायवूडचे कॅम (शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, बसवलेल्या आकार दिलेल्या चकत्या) काढून ॲक्रिलिकचे बसवावेत का आणि हँडलऐवजी मोटर लावावी का.

दोन्हींना माझं उत्तर ‘इतक्यात नको’ असं आहे. ॲक्रिलिकची कड गुळगुळीत निघते हे खरं, पण जो फॉलोअर (कॅमच्या कडेवर टेकून वर-खाली होणारी दांडी) चुकीच्या कोनात ढकलला जातोय तो ॲक्रिलिकवरही अडकणारच. मोटरचं तर विचारूच नका. काही अडकलं तर हात आपोआप थांबतो; मोटर थांबत नाही, ती दांडी वाकवते किंवा कॅम शाफ्टवरून सरकवते. मला तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतं. आठ हालचालींमध्ये कथा नेमकी कोणती हालचाल सांगतेय हे बघणाऱ्याला कळत नाही, आणि त्याच आठ हालचालींचं घर्षण एका शाफ्टवर जमा होतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. शिल्प घरात राहणार की प्रदर्शनात, हँडल मोठी माणसं फिरवणार की पोरं, तुमच्याकडे ड्रिल स्टँड आहे की हातातलं ड्रिल, हवा कोरडी की दमट, यावर मापं बदलतील. फोटो न बघता मी अंदाजाने लिहितोय, तेव्हा मापं दिशादर्शक समजा. मात्र कथा आणि यंत्र एकमेकांना कसं जोडायचं यामागचा विचार कुठेही बदलत नाही, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

हँडल गोल फिरतं, हा या कलेतला पहिला आणि न बदलणारा नियम. एक फेरी संपली की तुमचं शिल्प जिथून निघालं तिथेच परत येतं. त्यामुळे कथा निवडताना मी आधी एवढंच बघतो, की यात कोण काय करतं आणि ते पुन्हा पुन्हा करतं का. ग्रीकांच्या पाताळातल्या शिक्षा या दृष्टीने पाहा. सिसिफस दगड वर ढकलतो, दगड खाली येतो. इक्झिऑन जळत्या चाकाला बांधलेला, चाक फिरतच राहतं. डॅनॉसच्या मुली गळक्या रांजणात पाणी ओततात. टँटॅलस पाणी प्यायला वाकला की पाणी ओसरतं, फळाला हात घातला की वारा फांदी उडवून नेतो. या कथांना सुरुवात-शेवट नाही, म्हणूनच त्या हँडलवर चपखल बसतात.

याउलट मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, पाताळातून परत आणताना ऑर्फिअस मागे वळून बघतो तो एकदाच, आणि त्या एका नजरेत युरिडिसी कायमची जाते. हे शिल्पात केलं की तो दर चार सेकंदांनी मागे बघतो आणि शोकांतिकेचा तमाशा होतो. कुणाला तो विनोद हवाच असेल तर जरूर करावा, माझी हरकत नाही. पण नकळत होऊ नये.

इकारस या दोन टोकांच्या मध्ये बसतो. तो पडतो एकदाच, पण चढणं आणि कोसळणं अशी दोन टप्प्यांची हालचाल असल्यामुळे ती फिरून दाखवता येते. त्याचं पुढे सांगतो.

‘अख्खी कथा दाखवायची’ हा हट्ट तुमचा एकट्याचा नाही, तो दोन हजार वर्षं जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने स्वयंचलित रंगमंचावर एक ग्रंथच लिहिला. त्याच्या आधीच्या बायझँटिअमच्या फिलोची रचना समोर ठेवून त्याने नॉप्लिअसची कथा कशी दाखवायची ते सांगितलं आहे. नॉप्लिअसचा मुलगा पॅलॅमिडीस ट्रॉयच्या वेढ्यात ग्रीकांच्याच कपटाने मारला गेला. त्याचा सूड म्हणून, ग्रीक जहाजं घरी परतताना नॉप्लिअसने युबिया बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर खोटी मशाल पेटवून त्यांना खडकांवर आणलं. हेरॉनच्या रंगमंचावर पहिल्या प्रवेशात कारागीर जहाजं दुरुस्त करतात. करवती चालतात, हातोड्यांचे आवाजही येतात. मग जहाजं पाण्यात लोटली जातात. मग समुद्रातून ताफा जातो आणि बाजूने डॉल्फिन उड्या मारतात. मग मशाल घेतलेला नॉप्लिअस आणि त्याच्याजवळ अथीना देवी. शेवटी फुटलेली जहाजं, पोहणारा ग्रीक योद्धा एजॅक्स, वरून कोसळणारी वीज आणि एजॅक्स गडप.

म्हणजे हालचालींची यादी तुमच्यापेक्षा मोठी. मग त्याचं जमायचं कसं? पहिलं म्हणजे त्याने प्रत्येक प्रवेशानंतर रंगमंचाची दारं बंद केली. बघणाऱ्यासमोर एका वेळी एकच काम चालू असायचं. दुसरं, त्याचं यंत्र एका उतरत्या वजनावर चालायचं. वजनाला बांधलेली दोरी शाफ्टवरच्या खुंट्यांना गुंडाळलेली असायची, आणि थांबा हवा तिथे दोरी मुद्दाम सैल सोडलेली. सैल भाग संपेपर्यंत तो भाग स्थिर. उलट दिशा हवी तर दोरी खुंटीवर उलटी गुंडाळायची. चालत्या रंगमंचासाठी तो शिशाचं वजन मोहरी किंवा बारीक भरड धान्याच्या थरावर ठेवायला सांगतो. दाणे खालच्या भोकातून निसटतील तसं वजन सावकाश उतरतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: त्याच्या प्रेक्षकांना नॉप्लिअस कोण हे आधीच ठाऊक होतं.

तुमच्या प्रेक्षकांना इकारस ठाऊक असेलच असं नाही. त्यामुळे नाव न वाचता जी हालचाल समजते तीच मध्यभागी हवी. हेरॉनकडून मी दारं आणि सैल दोरी एवढंच घेतो, म्हणजे विराम. बहुतेक नवशिक्यांच्या शिल्पात विराम नसतो. सगळं सतत हलत असतं, आणि सतत हलणाऱ्या गोष्टीत नजर कुठे ठेवावी ते समजत नाही.

आता माझा सल्ला जरा विचित्र वाटेल. इकारस महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी सिसिफस करा. त्यात दोनच कॅम लागतात, आणि इकारसला जे जे लागणार आहे ते सगळं त्यात शिकून होतं.

होमरच्या ओडिसीच्या अकराव्या सर्गात सिसिफसचं वर्णन नीट वाचा. तो हातापायांचा जोर लावून दगड वर ढकलतो, दगड माथ्यापलीकडे जाणार एवढ्यात वजन त्याला मागे लोटतं आणि दगड घरंगळत खाली येतो. मग हा माणूस पुन्हा ढकलायला लागतो. बहुतेक जण माणूस आणि दगड एकाच दांडीवर बसवतात. दोघं एकत्र वर जातात आणि एकत्र खाली पडतात. त्यात शिक्षा दिसतच नाही. दगड एका क्षणात पडतो, माणूस मात्र वरच राहतो, थोडं थांबतो आणि सावकाश चालत खाली येतो. शिक्षा त्या उतरण्यात आहे. म्हणून दोन कॅम, एकाच शाफ्टवर.

मी वापरतो ती मापं देतो. दोन्ही कॅमची सर्वांत लहान त्रिज्या २० मिलिमीटर, सर्वांत मोठी ६०, म्हणजे उचल ४० मिलिमीटर. शून्य ते २४० अंशांपर्यंत दोघं सोबत चढतात. २४० ते २६० दोघं माथ्यावर स्थिर. २६० अंशांवर दगडाच्या कॅमला सरळ कडा, तिथे दगड सुटतो. माणसाचा कॅम २९० अंशांपर्यंत तसाच मोठ्या त्रिज्येवर राहतो, आणि २९० ते ३६० मध्ये तो उतरतो. एवढंच. २६० ते २९० या तीस अंशांत स्टेजवर काहीच हलत नाही, पण बघणारे नेमके तिथेच हसायचे थांबतात.

चढ २४० अंशांवर का पसरवला, तर अडकण्याचं उत्तर तिथे आहे. कॅमची कड फॉलोअरला किती तिरकं ढकलते तो कोन, ढोबळमानाने, तीस अंशांच्या आत हवा. ४० मिलिमीटर उचल २४० अंशांवर सारखी पसरवली, तर त्रिज्या दर रेडियनला (म्हणजे सुमारे ५७ अंशांना) साडेनऊ मिलिमीटरने वाढते. २० मिलिमीटर त्रिज्येवर, म्हणजे सुरुवातीला, कोन २५-२६ अंश येतो. चालतं. तीच उचल १२० अंशांत कोंबली की सुरुवातीचा कोन ४३-४४ अंशांवर जातो. मग कॅम फॉलोअरला वर उचलण्याऐवजी बाजूला दाबतो आणि दांडी भोकात आवळते. तुमच्या आठ कॅमपैकी दोन-तीन असे असणार, अशी माझी खात्रीच आहे. कागदावर काढून कोनमापक लावून बघा. उपाय दोन: चढ जास्त अंशांवर पसरवा किंवा कॅमची मूळ त्रिज्या वाढवा. लाकूड बदलणं हा उपायच नाही.

दगड कसा बसवायचा ते सांगतो, कारण इथेच लोक तार आणि खाचांच्या फंदात पडतात. डोंगराची कड वर्तुळाचा तुकडा म्हणून कापा आणि त्याच वर्तुळाच्या केंद्रावर, डोंगराच्या मागे, एक भुजा खिळ्यावर फिरती ठेवा. भुजेच्या टोकाला दगड. भुजा फिरली की दगड आपोआप कडेवरूनच सरकतो, खाच लागत नाही. भुजेची लांबी १५० मिलिमीटर आणि फॉलोअर केंद्रापासून ५० मिलिमीटरवर टेकत असेल, तर ४० ची उचल दगडापाशी तिप्पट, साधारण १२० मिलिमीटर होते. पण वजनही तिपटीने कॅमवर येतं: दोनशे ग्रॅमचा दगड कॅमला सहाशे ग्रॅमचा वाटतो. भुजा आडव्यापासून साठ अंशांपलीकडे उभी करू नका. त्यापुढे दगडाचं वजन खिळ्यावरच पडतं, पाडायच्या कामी येत नाही, आणि दगड माथ्यावर मख्खपणे उभा राहतो. माणसाची भुजा त्याच खिळ्यावर, दगडाच्या थोडी मागे. पाय हलवायच्या नादी लागू नका. पावलं डोंगराच्या कडेमागे लपवा, चालणं बघणाऱ्याचा डोळा पुरवतो.

चढताना भुजा उभी होत जाते, त्यामुळे हाताला जाणवणारा भार वर जाता जाता हलका होतो. कथेला हवं ते याच्या नेमकं उलट. म्हणून कॅमचा चढ सुरुवातीला सौम्य आणि शेवटी थोडा जास्त ठेवा. मोठ्या त्रिज्येवर जास्त चढ दिला तरी कोन बिघडत नाही, आणि लहान त्रिज्येवरचा कोन आणखी कमी होतो. एका दगडात दोन पक्षी. हँडलची भुजा तीस-पस्तीस मिलिमीटर एवढीच ठेवा आणि मध्ये गिअर घालू नका. मग फिरवणाऱ्याच्या मनगटाला दीडएकशे ग्रॅमचा, घर्षण धरून थोडा जास्त, विरोध मिळत राहतो आणि २६० अंशांवर तो एकदम नाहीसा होतो. हँडल फिरवणारा माणूस तेवढ्यापुरता सिसिफस होतो. मोटरला मी का नाही म्हणतो ते आता कळेल. म्युनिकच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमाराची काळ्या आकृत्यांची एक सुरई आहे. तिच्यावर सिसिफस दगड ढकलतोय आणि पाताळाची राणी पर्सेफोनी बाजूला उभी राहून नुसती बघतेय. मोटर लावलेल्या शिल्पासमोर प्रेक्षकाची जागा तिची असते. तीही जागा वाईट नाही, पण ती आपण निवडलेली असावी.

आणखी तीन बारकावे, हे इकारसलाही लागू आहेत. एक, सरळ कड्याच्या कॅमवर बेअरिंगचा फॉलोअर लावू नका. सोळा मिलिमीटर व्यासाचं बेअरिंग कड्याच्या टोकावरून घरंगळत उतरतं, झटका मिळत नाही. तिथे कठीण लाकडाचं किंवा पितळेचं, टोक जरासं गोल केलेलं नाक हवं. दोन, पडणारा भाग कॅमवर आदळू देऊ नका. डोंगराच्या पायथ्याशी चामड्याचा किंवा जाड फेल्टचा तुकडा लावा आणि दगड त्यावर टेकेल तेव्हा फॉलोअर कॅमपासून मिलिमीटरभर वर राहील असं जुळवा. नाहीतर थोड्याच दिवसांत कॅमला खड्डा पडतो. तीन, कड्याचा कॅम उलटा फिरत नाही. पोरं हँडल हमखास उलटं फिरवतात. शाफ्टवर रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारं दातेरी चाक, आणि त्यात पडणारी खिटी लावलीच पाहिजे. तिचा टकटक आवाज या कथेला शोभतोही.

इथपर्यंतचं आवरून सांगतो: एकच मुख्य क्रिया, तिच्यात एक विराम, चढाचा कोन तीसच्या आत, आणि पडणारी वस्तू स्वतःच्या वजनाने पडणारी. आता इकारस.

तुमच्या शिल्पात इकारस पक्षी का वाटतो? कारण पंख हलवणारी एकच आकृती मध्यभागी आहे, आणि पंख हलवते ती आकृती पक्षीच असते. रोमन कवी ओव्हिड ही कथा सांगतो तेव्हा बाप मुलाला बजावतो, मधूनच उड. खाली गेलास तर समुद्राची ओल पिसं जड करील, वर गेलास तर सूर्य मेण वितळवेल. म्हणजे कथा दोन उंचींची आहे. एक न बदलणारी, दुसरी वाढत जाणारी. म्हणून दोन आकृत्या सारख्याच आकाराच्या करा आणि शेजारी ठेवा. डेडॅलस एकाच उंचीवर, पंखांची शांत, सारखी हालचाल. ती शाफ्टवरच्या साध्या क्रँकने, म्हणजे शाफ्टला दिलेल्या वाकड्या भुजेने, होते. इकारस सुरुवातीला बापाच्याच पातळीवर, मग हळूहळू वर, वर, आणि कड्यावरून खाली. वर जाणारा आणि न जाणारा असे दोघं शेजारी दिसले की कुणी पक्षी म्हणणार नाही.

सूर्य फिरता ठेवू नका. पितळेची एक चकती वरच्या कोपऱ्यात पक्की बसवा. सूर्य फिरायला लागला की नजर तिकडे जाते, आणि या कथेत सूर्याला जागचं हलायचंही नसतं. पिसं गळण्याचं यंत्र तर काढूनच टाका. गळलेली पिसं परत जागेवर कोण आणणार? एका फेरीत स्वतःहून मूळ जागी न येणारी प्रत्येक गोष्ट या कलेत डोकेदुखी ठरते. लाटांसाठी एकच पट्टी, एका एक्सेन्ट्रिकवर (केंद्राबाहेर भोक पाडलेल्या गोल चकतीवर), जेमतेम हलणारी. ती पट्टी पुढे ठेवा, म्हणजे इकारस तिच्यामागे पडून दिसेनासा होईल आणि नव्या फेरीत तिथूनच वर येताना लपून येईल. हे पडद्यामागचं परत येणं म्हणजे हेरॉनची बंद दारंच.

एक हालचाल मात्र मी ठेवीन, बापाची मान. ओव्हिडच्या कवितेत डेडॅलस मागे वळून ‘इकारस, कुठे आहेस?’ अशा हाका मारतो, आणि मग त्याला लाटांवर पिसं दिसतात. तुमच्याकडे मान वळते, पण ती पूर्ण फेरीभर वळत असते असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. ती इकारस पडल्यानंतरच वळू द्या, आणि लगेच नको. पडल्यानंतर वीस-पंचवीस अंश जाऊ देत. त्याच वेळी पंख मात्र चालूच राहतील, कारण ते साध्या क्रँकवर आहेत. पंख थांबवणं यांत्रिकदृष्ट्या कटकटीचं आहे आणि सुदैवाने कथेतही डेडॅलस थांबू शकत नाही. असे योग फार क्वचित जुळतात.

हिशेब केलात तर इकारसचा चढ, बापाची मान, लाटा आणि दोघांचे पंख, एवढं उरतं. आठवरून चारवर. इथे मात्र गिअर लावा, साधारण एकास चार. प्रदर्शनात माणसं सेकंदाला एक फेरी या वेगाने हँडल मारतात. थेट शाफ्टवर इकारसचं आयुष्य एका सेकंदात उरकतं. पंखांचा क्रँक हँडलच्या वेगवान शाफ्टवर आणि कॅम गिअरनंतरच्या सावकाश शाफ्टवर, म्हणजे एका उड्डाणात चार फडफडी मिळतात. जास्त हव्या असतील तर एकास सहा. इकारसच्या पोटात शिशाचा छोटा तुकडा बसवा, मासेमारीच्या दुकानात गळाचं शिसं मिळतं. हलका इकारस पडत नाही, तरंगत उतरतो, आणि तुम्हाला वाटतं कॅम चुकला.

सामानाबद्दल थोडक्यात. कॅम प्लायवूडचेच ठेवा, पण मरीन प्लाय, नऊ किंवा बारा मिलिमीटर. अखंड लाकडाची चकती पावसाळ्यात रेषांच्या आडव्या बाजूने फुगते आणि गोलाचं लंबगोल होतं. तुम्ही मुंबई किंवा कोकणाच्या हवेत काम करत असाल तर हे जूनमध्येच कळतं. फॉलोअरची दांडी लाकडी भोकातून सरळ चालवू नका. पितळी नळीचा तुकडा बुश, म्हणजे भोकाचं अस्तर, म्हणून ठोका आणि आत स्टीलची दांडी चालवा. बुश दांडीच्या जाडीच्या मानाने चांगला लांब हवा. आखूड बुशमध्ये दांडी तिरकी होऊन आवळते. लाकूड लाकडावर घासतं तिथे मेणबत्तीचं मेण किंवा पेन्सिलीच्या शिशाची भुकटी लावा. तेल नको, ते लाकडात मुरतं, धूळ धरतं आणि चिकट लगदा होतो. बारीक जोडण्यांना सायकलची स्पोक उत्तम, पक्कडीने वाकवलेला कोन धरून ठेवते. कॅम शाफ्टवर आधी स्क्रूने बसवा, वेळा जुळवा, आठवडाभर फिरवा, आणि मगच आरपार भोक पाडून पिन ठोका. फेविकॉल शेवटी.

आकृत्यांविषयी माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. ग्रीक कथेसाठी गोल कोरलेल्या पुतळ्यांपेक्षा सपाट आकृत्या जास्त चांगल्या चालतात. त्या सुरयांवरचे चित्रकार बाजूने दिसणारं शरीर काढायचे आणि एकाच क्षणात माणूस काय करतोय ते दाखवायचे. पाच मिलिमीटर प्लायमधून तसा आकार कापला, काळा रंगवला, आतल्या रेषा कोरून खालचं लाकूड उघडं केलं, की वजन कमी आणि लांबूनही ओळखू येतं. तुमचं कोरीवकाम चांगलं आहे म्हणता, तर ते चेहऱ्यांवर आणि डोंगरावर वापरा. हलणारा भाग हलका राहू द्या. संगमरवरी पांढरा रंग मात्र देऊ नका. ग्रीकांचे पुतळे मुळात रंगवलेले असत, रंग काळाच्या ओघात गेले.

पुढच्या कथांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, तर झटपट. पेनेलोपी दिवसा सासऱ्याचं कफन विणते आणि रात्री उसवते. ही एकच कथा अशी की हँडल उलटं फिरवणं हाच तिचा अर्थ. रॅचेट काढून टाका, कापड एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊ द्या आणि उलटं परत येऊ द्या. खडकाला जखडलेल्या प्रोमिथिअससाठी चार खाचांचं जिनिव्हा चाक घ्या. हँडलच्या प्रत्येक फेरीला ते पाव वळण पुढे सरकतं आणि उरलेला वेळ स्थिर राहतं. त्यावर सकाळ, दिवस, सांज, रात्र रंगवा. दिवसा गरुड यकृत टोचतो, रात्री ते पुन्हा वाढतं. टॅलोस थोडा अवघड. क्रीट बेटाभोवती दिवसातून तीन फेऱ्या घालणारा हा ब्राँझचा पहारेकरी. मानेपासून घोट्यापर्यंत एकच शीर आणि घोट्यात तिला बूच म्हणून खिळा. खिळा निघाला की संपला. बूड दाबलं की लाकडी जिराफ कोसळतो ते खेळणं आठवा, आतून ताणलेल्या दोरीवर उभं असतं. टॅलोस तसाच करा आणि दोरीचा ताण घोट्यातल्या खिळ्याने अडवा. प्रेक्षकाने खिळा ओढला की ब्राँझचा माणूस गुडघ्यात मोडतो.

आणि हँडल कुठे बसवायचं यात वेळ घालवताय असं लिहिलंत, त्यावरून एक आठवलं. इलियडच्या अठराव्या सर्गात हेफेस्टस देव वीस तिवया घडवतोय. त्यांना सोन्याची चाकं आहेत, त्या आपणहून देवांच्या सभेत जाणार आणि परत येणार. समुद्रदेवी थेटिस येते तेव्हा तिवया जवळजवळ तयार असतात. फक्त कान, म्हणजे धरायच्या मुठी, बसवायचे राहिलेले असतात आणि तो त्यांचे रिव्हेट घडत असतो. तेव्हा तुम्हीही ते शेवटीच ठेवा.

आधी काय कराल, तर जाड पुठ्ठ्याचे दोन कॅम कापा. पुठ्ठा एका पाटावर खिळ्याभोवती फिरता ठेवा, फॉलोअर म्हणून पेन्सिल दोन पट्ट्यांमध्ये धरा आणि हाताने फिरवून बघा. पेन्सिल कुठल्या अंशावर तिरकी होते ते पुठ्ठ्यावरच खूण करा. तुमच्या सध्याच्या आठही कॅमचे आकार असेच कागदावर गिरवून, त्यावर सर्वांत लहान आणि मोठी त्रिज्या आणि चढाचे अंश लिहून इथे टाका. कुठले ठेवायचे आणि कुठले मुळातून बदलायचे ते मग नेमकं सांगता येईल.